बावीस नंबरची जर्सी आणि चव्वेचाळीस सामने

टिल्टन रोड

या चर्चामंचावरचे हिशेबनीस यांचे परवाचे टिपण मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा तितकाच संताप आला, म्हणून हे सविस्तर उत्तर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बर्मिंगहॅम सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबने जुलै २०२० मध्ये जूड बेलिंगहॅमचा २२ क्रमांक निवृत्त केला, म्हणजे तो पुढे कोणालाही द्यायचा नाही असे ठरवले, तेव्हा तो मुलगा १७ वर्षांचा होता, त्याच्या नावावर ४४ सामने आणि ४ गोल होते आणि क्लब दुसऱ्या श्रेणीत विसावा आला होता. म्हणून हा सन्मान म्हणजे उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. पोरगा पुढे रेआल माद्रिदपर्यंत पोहोचला हे क्लबचे नशीब, अन्यथा ती जर्सी कायमची थट्टेचा विषय झाली असती, असेही त्यांनी लिहिले आहे.

मी १८ वर्षे बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि त्यातली ११ वर्षे क्लबच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर टिल्टन रोडच्या बाजूच्या गॅलरीत बसतो. आकड्यांपलीकडचे काही सांगण्याचा मला एवढा अधिकार असावा.

२०१९ मध्ये या क्लबची अवस्था काय होती, हे आधी आठवावे. मार्च २०१९ मध्ये खर्चाचे नियम मोडल्याबद्दल ९ गुण कापले गेले होते. उन्हाळ्यात सर्वाधिक गोल करणारा चे ॲडम्स साउथॅम्प्टनला विकला गेला. मालक दूर, मैदानाची डागडुजी रखडलेली आणि दर वर्षी एप्रिलमध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार. अशा घरात ६ ऑगस्ट २०१९ रोजी पोर्ट्समथविरुद्ध लीग कपच्या सामन्यात १६ वर्षे ३८ दिवसांचा एक मुलगा मैदानावर उतरला आणि त्याने क्लबचे जुने नामवंत खेळाडू ट्रेव्हर फ्रान्सिस यांचा १९७० पासूनचा, सर्वांत लहान वयात पदार्पणाचा विक्रम मोडला. सामना आम्ही ३-० ने हरलो, पण दुसऱ्या दिवशी स्टेशनवर, दुकानात, कामावर एकच विषय होता.

मग आला ३१ ऑगस्ट, समोर स्टोक सिटी. माझी दहा वर्षांची मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याबरोबर आली होती. पहिल्याच अर्ध्यात आमचा मोंतेरो जखमी झाला आणि त्याच्या जागी हा उतरला. तिने विचारले, "बाबा, हा आपल्या गल्लीतल्या दादाएवढाच आहे का?" मी म्हणालो, जवळपास तेवढाच. उत्तरार्धात त्याने बॉक्सच्या कडेवरून चेंडू मारला, तो बचावपटूला लागून वळला आणि जाळ्यात गेला. आम्ही २-१ ने जिंकलो. माझ्या शेजारी नेहमी एक वृद्ध गृहस्थ बसत. त्यांनी फ्रान्सिसना सोळाव्या वर्षी खेळताना पाहिले होते. ते उभे राहिले नाहीत, ओरडलेही नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते नुसते मान हलवत राहिले. हा प्रसंग मी कोणत्या रकान्यात मांडू, हे हिशेबनीसांनीच सांगावे.

राहिला क्रमांकाचा प्रश्न. हा मुलगा आठ वर्षांखालील गटापासून क्लबमध्ये होता. अकादमीतले प्रशिक्षक माइक डॉड्स यांनी त्याला समजावले होते की तू केवळ १० नंबरचा खेळाडू नाहीस. तू ४ नंबरसारखा बचाव करू शकतोस, ८ नंबरसारखा मैदानभर धावू शकतोस आणि १० नंबरसारखा गोल रचूही शकतोस. चार, आठ आणि दहा यांची बेरीज बावीस. म्हणजे तो आकडा हीच त्याची घडण आहे आणि ती घडण आमच्या अकादमीत झाली. म्हणून क्लबने तो निवृत्त केला. आपल्यातल्या एकाची आठवण राहावी आणि इतरांना उमेद मिळावी, असेच क्लबच्या निवेदनात म्हटले होते.

शेवटचा मुद्दा, जो बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. त्याचा निरोपाचा सामना २२ जुलै २०२० रोजी डर्बीविरुद्ध झाला तेव्हा करोनामुळे मैदान रिकामे होते. आम्ही ३-१ ने हरलो, इतर निकालांच्या कृपेने श्रेणी टिकली आणि मी तो सामना स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहिला. आठव्या वर्षापासून ज्याला वाढवले, त्याला टाळ्या वाजवून निरोपही देता आला नाही. आमच्या टाळ्यांच्या जागी तो क्रमांक राहिला आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

हिशेबनीस

टिल्टन रोड यांच्या भावनेचा मला आदर आहे, परंतु भावना उत्कट आहे म्हणून निर्णय योग्य ठरत नाही.

जर्सी निवृत्त होते ती पूर्ण झालेल्या कारकिर्दीची. वेस्ट हॅमने बॉबी मूर यांचा ६ क्रमांक निवृत्त केला तो विश्वविजेत्या कर्णधाराचा होता, आणि तोही त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी. नापोलीने माराडोनाचा १० क्रमांक ठेवून दिला, कारण त्याने त्या शहराला दोन लीग विजेतेपदे मिळवून दिली होती. आणि ज्या ट्रेव्हर फ्रान्सिस यांचा विक्रम मोडला म्हणून आपण एवढे सांगता, त्यांच्या नावे बर्मिंगहॅमने कोणता क्रमांक राखून ठेवला? त्यांनी तर त्या क्लबसाठी आठ-नऊ वर्षे खेळून शंभराहून अधिक गोल केले. इंग्लंडमधले दहा लाख पौंडांचे पहिले खेळाडू ते झाले, १९७९ मध्ये, तेही बर्मिंगहॅममधूनच नॉटिंगहॅम फॉरेस्टला जाताना.

आता मूळ हिशेब. त्या उन्हाळ्यात या मुलासाठी जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबने मोजलेले अडीच कोटी पौंड ही क्लबला हवी असलेली गोष्ट होती. घरचे बियाणे विकावे लागले, ही वस्तुस्थिती सणासारखी साजरी करण्यासाठी जर्सीचा सोहळा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. बियाणे विकून मिळालेल्या पैशाने शेत तरी सुधारले का? मे २०२४ मध्ये हाच क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला.

आणखी एक. इंग्लंडमध्ये १७ वर्षे पूर्ण होईपर्यंत खेळाडूला व्यावसायिक करार करता येत नाही. म्हणजे त्या अख्ख्या हंगामात हा मुलगा प्रशिक्षणार्थीच्या विद्यावेतनावर खेळत होता आणि श्रेणी वाचवण्याचे ओझे त्याच्या खांद्यावर होते. त्याचे देणे क्लबने एका आकड्याने फेडले. स्वस्तात फेडले.

जुना गनर

हिशेबनीसांनी अखेरीस जे ओझरते लिहिले, तोच खरा विषय आहे. जर्सी ठेवा अथवा काढा, त्याने कोणाचे काही बिघडत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला एका हंगामात ४४ सामने खेळवले, हे मात्र बिघडते आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

मी आर्सेनलचा माणूस आहे, त्यामुळे जॅक विल्शर हे नाव माझ्यासाठी जखमेसारखे आहे. नऊ वर्षांचा असताना तो क्लबमध्ये आला आणि सप्टेंबर २००८ मध्ये सोळाव्या वर्षी लीगमध्ये खेळला. २०१०-११ च्या हंगामात तो अवघा एकोणीस वर्षांचा होता आणि ४९ सामने खेळला. फेब्रुवारी २०११ मध्ये बार्सेलोनाविरुद्ध, झावी आणि इनिएस्ता समोर असताना, मैदानावरचा सर्वांत निवांत माणूस तो होता. पाठीवर माणूस असताना चेंडू पायात घेऊन तो ज्या सहजतेने वळायचा, तसे वळणारा इंग्लिश मुलगा मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या उन्हाळ्यात घोटा दुखू लागला, हाडाला तडा गेल्याचे निघाले आणि २०११-१२ चा पूर्ण हंगाम गेला. त्यानंतर तो कधीही पूर्वीसारखा सलग खेळू शकला नाही. जुलै २०२२ मध्ये तो निवृत्त झाला. वय ३०.

आमच्या क्लबने त्याला नंतर १० क्रमांकाची जर्सी दिली. तिचा उपयोग काय झाला? घोट्याला विश्रांती द्यायला हवी होती. लिव्हरपूलच्या मायकेल ओवेनचेही तेच. एकोणिसाव्या वर्षी, एप्रिल १९९९ मध्ये लीड्सच्या मैदानावर मांडीचा स्नायू फाटला आणि तो वेग पुन्हा पूर्णपणे परतला नाही. इंग्लंड आपली कोवळी पोरे अशीच वापरते आणि नंतर पुढची शोधते.

रुहरकाठ

मी डॉर्टमुंडमध्ये शिकायला आले आणि इथेच राहिले, म्हणून दुसऱ्या टोकावरून सांगते.

मार्च २०२० मध्ये या मुलाला मँचेस्टर युनायटेडच्या सराव केंद्रावर नेऊन त्या क्लबचे माजी प्रशिक्षक खुद्द सर ॲलेक्स फर्ग्युसन यांची भेट घडवण्यात आली होती. सोळा वर्षांचा कोणताही इंग्लिश मुलगा तिथेच होकार देऊन मोकळा झाला असता. त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी डॉर्टमुंड निवडले, कारण तिथे इंग्लंडचाच जेडन सँचो जवळपास त्याच वयात येऊन पहिल्या संघात रुळला होता. वडील वेस्ट मिडलँड्स पोलिसांत सार्जंट होते आणि हौशी लीगमध्ये शेकडो गोल केलेले खेळाडू. ते धाकट्या जोबसाठी इंग्लंडमध्ये राहिले आणि आई जूडबरोबर इथे आली. आपल्याकडे मुलाच्या दहावीसाठी घर दोन गावांत विभागलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. हे मला त्याहून वेगळे वाटले नाही. जुना गनर लिहितात तसे त्याला 'वापरले' गेले असते, तर हे कुटुंब एवढ्या जाणीवपूर्वक पावले टाकताना दिसले नसते.

१४ सप्टेंबर २०२० रोजी डुइसबुर्गविरुद्ध जर्मन कपच्या सामन्यात, म्हणजे पहिल्याच अधिकृत सामन्यात, त्याने गोल केला आणि डॉर्टमुंडचा सर्वांत लहान वयाचा गोलकर्ता ठरला. नोव्हेंबरमध्ये वेम्बलीवर आयर्लंडविरुद्ध इंग्लंडसाठी पदार्पण. एप्रिल २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी: पहिल्या सामन्यात त्याचा गोल पंचांनी नाकारला, आठवड्याने त्याने इथे पुन्हा केला आणि त्या वेळी पंचांनाही काही करता आले नाही. इथेही त्याच्या पाठीवर २२ च होता. बर्मिंगहॅमने तो आकडा जपला आणि त्याने तो बरोबर आणला. त्याला स्वतःला जे मोलाचे वाटले, ते मुंबई-पुण्यात बसून आपण उतावळेपणाचे ठरवावे, हे मला पटत नाही.

जुना गनर

रुहरकाठ यांनी कुटुंबाबद्दल लिहिले ते खरे असेल, परंतु डॉर्टमुंडने भार हलका केला असा त्यांचा समज असल्यास आकडे पाहावेत. बर्मिंगहॅममध्ये ४४ सामने. डॉर्टमुंडच्या पहिल्या हंगामात ४६. दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ४२. यात इंग्लंडचे सामने धरलेले नाहीत. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने मांडलेली तुलना माझ्या डोक्यातून जात नाही: २१ वर्षांचा होईपर्यंत बेलिंगहॅम क्लब आणि देश मिळून २५० हून अधिक सामने खेळला होता, आणि डेव्हिड बेकहॅम त्याच वयात ५४. जाणीवपूर्वक पावले टाकणारे कुटुंब असूनही जर हे होत असेल, तर ज्या मुलांच्या पाठीशी असे कुटुंब नाही त्यांचे काय होत असेल?

टिल्टन रोड

मी एक धागा क्रमांकाबद्दल काढला होता आणि तो आर्सेनलच्या घोट्यापाशी येऊन थांबला आहे. मला याचा मनापासून राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

जूडला कोणी ढकलले नव्हते. तेव्हाचे प्रशिक्षक पेप क्लोतेत त्याला बरेचदा कडेला, डाव्या बाजूस खेळवत, जेणेकरून मध्यभागीचा मार त्याला कमी बसावा. आणि त्या मुलाला बाहेर बसवणे म्हणजे काय, हे आपण पाहिले आहे का? २९ डिसेंबर २०१९, समोर लीड्स, आम्ही सुरुवातीलाच दोन गोलांनी मागे. आमचा पहिला गोल करून अंतर त्याने कमी केले. सामना आम्ही शेवटच्या मिनिटांत ५-४ ने हरलो, कारण चेंडू आमच्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेला. शिट्टी वाजल्यावर मोठमोठे खेळाडू माना खाली घालून चालू लागले. हा सोळा वर्षांचा मुलगा एकेका सहकाऱ्याजवळ जाऊन त्याला हात देत होता. मी टिल्टन रोडवरून हे पाहिले आहे. आपण कोठून पाहिले?

फिजिओ ठाणे

हा चढलेला आवाज कृपया खाली आणावा. टिल्टन रोड, आपण त्या मुलाचे मन सांगत आहात आणि जुना गनर त्याच्या हाडांबद्दल बोलत आहेत. दोघेही खरे असू शकता.

मी बावीस वर्षे क्रीडा फिजिओथेरपी करते. माझ्याकडे दर मे महिन्यात तेरा ते सोळा वयाची मुले येतात: टाच दुखते, गुडघ्याखाली टेंगूळ आले आहे, कंबर वाकत नाही. या वयात हाडे वाढत असतात आणि स्नायू-कंडरा त्यांच्या मागे रेंगाळतात. जिथे कंडरा हाडाला चिकटते ती जागा सर्वांत कच्ची असते. धावण्याचा, थांबण्याचा, वळण्याचा प्रत्येक झटका तिथे बसतो. मुलगा दणकट दिसतो, गोल करतो, म्हणून ती जागा पक्की झालेली नसते. मागच्या वर्षी एक मुलगा आला होता, पंधरा वर्षांचा, मिडफिल्डर. तीन संघांकडून खेळत होता आणि प्रत्येक प्रशिक्षकाला वाटत होते की तो फक्त आपल्याकडेच खेळतो. वडिलांनी खिशातून वेदनाशामक गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी काढून मला दाखवली आणि विचारले, "मॅडम, शनिवारपर्यंत होईल ना?" मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता, तो त्या पट्टीकडे पाहत होता.

बेलिंगहॅम टिकला याचा मला आनंद आहे. पण एक झाड उभे राहिले म्हणून वादळ साधे होते असे म्हणता येत नाही. आणि तोही अगदी कोरडा सुटलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा खांदा निखळला, त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ तो खांद्याला आधार बांधून खेळला आणि शस्त्रक्रिया झाली ती जुलै २०२५ मध्ये. मधल्या काळात विश्रांतीला जागाच नव्हती.

तालमीचा गोलकीपर

कोल्हापुरातून लिहितो. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा असतो, तालमीचा असतो, आणि शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीचा पोरगा उतरला की घरातली म्हातारी माणसेही गॅलरीत येऊन बसतात. त्यामुळे टिल्टन रोड यांच्या शेजारचे ते गृहस्थ मला ओळखीचे वाटले.

पण फिजिओताईंनी लिहिलेली ती गोळ्यांची पट्टीही ओळखीची आहे. माझा पुतण्या मधल्या फळीत खेळायचा. सोळाव्या वर्षी त्याला एका मोठ्या संघाने घेतले. संघाचे नाव सांगत नाही. हंगाम संपेपर्यंत तो सकाळी शाळेच्या संघाकडून आणि संध्याकाळी मोठ्या संघाकडून, असे एका दिवशी दोन सामनेही खेळला. आम्हा सगळ्यांना अभिमान होता. मी स्वतः त्याला मोटरसायकलवर एका मैदानावरून दुसऱ्यावर नेत असे. गाडीवर मागे बसल्यावर तो डावा पाय फूटरेस्टवर न ठेवता लोंबकळत ठेवायचा. मला वाटे, पोराची सवय असेल. गुडघा वाकवला की दुखत होते, हे त्याने मला दोन वर्षांनी सांगितले, खेळ सुटल्यानंतर. टिल्टन रोड, आपण म्हणता त्या मुलाला कोणी ढकलले नव्हते. माझ्या पुतण्यालाही कोणी ढकलले नव्हते. आम्ही फक्त गाडी चालू करून उभे होतो.

क्रमांकाबद्दल मात्र मी हिशेबनीसांच्या बाजूचा आहे, जरी त्यांचे कारण मला मान्य नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने कोलंबोत पहिला एकदिवसीय सामना खेळताना १० क्रमांक घातला, तेव्हा सचिनचा आकडा घेतला म्हणून लोकांनी त्याला नको नको ते बोल लावले. पुढे त्याने ५४ घेतला. त्या दिवशी मला शार्दूलचे फार वाईट वाटले होते. सचिनची थोरवी एका नवख्या मुलाच्या पाठीमुळे कमी होणार होती का? निवृत्त क्रमांक हा पुढच्या पोरासाठी बंद दरवाजा होतो. सेंट अँड्र्यूजला आज आठ वर्षांखालील गटात एखादा मुलगा असेल, ज्याला मोठेपणी बावीसच घालायचा आहे. त्याला उमेद मिळावी म्हणून ती जर्सी ठेवून दिली आणि तीच त्याला मिळणार नाही.

हिशेबनीस

तालमीचा गोलकीपर यांचा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मान्य करतो. मँचेस्टर युनायटेडचा ७ क्रमांक रॉब्सनकडून कँटोना, तिथून बेकहॅम, तिथून रोनाल्डो असा हातोहात गेला, आणि त्या प्रत्येकाला आधीच्याची उंची गाठायची होती. वारसा असा चालतो.

मला एक दुरुस्तीही करावी लागेल, कारण रात्री आपल्याच लिखाणाचा पडताळा घेताना ती चूक ध्यानात आली. फ्रान्सिस यांचा क्रमांक का राखला नाही, हा माझा प्रश्न गैरलागू होता. त्यांच्या काळात जर्सीचे आकडे जागेनुसार १ ते ११ असे दर सामन्याला वाटले जात. हंगामभर एकाच खेळाडूचा एकच क्रमांक ही पद्धत इंग्लिश लीगमध्ये १९९३ नंतर रुळली. तेव्हा टिल्टन रोड यांनी या एका मुद्द्यावर मला चूक ठरवले तर माझी हरकत नाही. बाकीच्या मुद्द्यांवर मी हटलेलो नाही. विद्यावेतनावर खेळणाऱ्या मुलाकडून श्रेणी वाचवून घेणे मला आजही अन्याय्य वाटते.

रुहरकाठ

या अन्यायाचा थोडा हिशेब तरी पूर्ण व्हावा. २०२३ मध्ये डॉर्टमुंडने त्याला माद्रिदला दिले तेव्हा मूळ किंमत १० कोटी ३० लाख युरो होती. आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतला पाच टक्के भाग खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटावा लागतो. त्यात बर्मिंगहॅमच्या वाट्याची वर्षे आहेतच. मुलाच्या हाती यातले काही आले नाही, हे मात्र हिशेबनीस यांचे खरे. त्याला जे मिळाले ते मैदानावर वेळ मिळाला म्हणून मिळाले. विल्शरला पाहून जुन्या गनरांना वाटते की कमी खेळवावे. सतराव्या वर्षी मोठ्या क्लबांच्या राखीव बाकावर बसून विझून गेलेल्या मुलांची नावे आपल्यापैकी कोणालाच आठवत नाहीत, कारण ती कधी कळलीच नाहीत.

जुना गनर

हा मुद्दा मला आवडला नाही, पण त्याला उत्तर सुचत नाही. विल्शरला २०१० मध्ये अर्धा हंगाम बोल्टनला उसना पाठवला होता आणि तिथे मिळालेल्या सामन्यांमुळेच तो तयार होऊन परतला, हे मी विसरलेलो नाही. प्रश्न खेळवावे की नाही असा मी मांडला असेन तर तो चुकीचा मांडला. कोणी मोजत आहे का, असा तो असायला हवा होता. ४९ सामन्यांनंतर त्याला कोणीतरी घरी बसवायला हवे होते. मी स्वतः त्या वर्षी प्रत्येक रविवारी संघ जाहीर झाला की आधी त्याचे नाव शोधत असे आणि ते नसले की चिडत असे. टिल्टन रोड यांना मी आर्सेनलचा घोटा त्यांच्या धाग्यात आणल्याबद्दल वाईट वाटले असेल, तर त्याबद्दल दिलगीर आहे. घोट्याबद्दल नाही.

टिल्टन रोड

काल रागात लिहिले. 'आपण कोठून पाहिले' हे वाक्य लिहायला नको होते. दूरदर्शन संचावर पाहणाऱ्याचे प्रेम कमी असते असे मला म्हणायचे नव्हते.

तालमीचा गोलकीपर यांनी लिहिलेला तो लोंबकळता पाय वाचून मी बराच वेळ थांबलो. लीड्सच्या त्या सामन्यानंतर मी मुलीला म्हणालो होतो की बघ, हा दमतच नाही. तेव्हा मला ते कौतुक वाटले होते. डिसेंबर संपत होता, ऑगस्टपासून तो जवळपास दर आठवड्याला खेळत होता आणि दमला असेल का, हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता.

क्रमांकाबद्दल मात्र माझे मत तेच आहे. ती जर्सी परत काढायची झाल्यास ती आमच्या अकादमीतून आलेल्या मुलालाच द्यावी, विकत आणलेल्याला नव्हे, आणि त्याआधी जूडला विचारावे. एवढ्या अटीवर मी तालमीच्या गोलकीपरांशी तडजोड करायला तयार आहे. माझी मुलगी आता सोळा पूर्ण करून पुढे गेली आहे. तिने त्या दिवशी घेतलेला निळा मफलर अजून दाराच्या मागे खिळ्याला आहे आणि त्यावर तिने तेव्हा स्वतःच्या हाताने, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेला २२ आहे. तो उसवू म्हणून मी तिला सांगणार नाही.

तालमीचा गोलकीपर

अट मान्य. मफलर राहू द्या.